गंजून बसलेला बोल्ट न तोडता काढताना

घरच्या अंगणात गाडीचे काम करणाऱ्याचा सर्वाधिक वेळ जातो तो जुना भाग धरून ठेवणारे दोन-तीन बोल्ट सोडवण्यात. नवा भाग बसवण्याचे काम त्या मानाने सोपे असते. मागचा शॉक अॅब्सॉर्बर बदलणे हे हाताला सवय असलेल्या माणसाचे तासाभराचे काम आहे, पण त्याचा खालचा बोल्ट जाम असेल तर शनिवार-रविवार दोन्ही दिवस त्यात सहज जातात. कोल्हापुरात हा अनुभव जरा जास्तच येतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत गाडीचा तळ क्वचितच कोरडा राहतो. गगनबावड्यावरून कोकणात ये-जा करणाऱ्यांच्या गाडीला घाटातला पाऊस आणि किनाऱ्यावरची खारी हवा असे दोन्ही लागते. आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये व २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुरात ज्या गाड्या उभ्या राहिल्या, त्यांच्या सांध्यांमध्ये नदीचा बारीक गाळ शिरून बसला. असा गाळ ओल धरून ठेवतो आणि ओल असेल तिथे गंज थांबत नाही.

लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. बोल्ट आणि नट यांच्या आट्यांमध्ये मुळात केसाएवढी फट असते. त्या फटीत गंज तयार झाला की तो दोन्ही बाजूंना पाचरीसारखा दाबत राहतो आणि नट जणू बोल्टचाच भाग होऊन बसतो. ही पाचर आधी मोडली पाहिजे, आणि ती नुसत्या जोराने मोडत नाही. तेल, ठोके, उष्णता आणि वेळ यांनी गंज फुटतो. नुसत्या जोराने बहुतेक वेळा बोल्टच तुटतो. पुढे दिलेल्या पायऱ्यांचा क्रम याच कारणाने ठरवलेला आहे आणि तो उलटा करू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

काम सुरू करण्यापूर्वी

प्रथम तो बोल्ट घरी सोडवण्याजोगा आहे का, हे ठरवावे. एअरबॅग आणि सीटबेल्ट यांचे बोल्ट, पेट्रोलच्या नळीचे किंवा सीएनजी यंत्रणेचे जोड, दाबलेल्या स्प्रिंगला धरून ठेवणारा स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक यांच्या एकत्र जोडणीच्या) माथ्यावरचा नट आणि इंजिनाच्या हेडचे बोल्ट यांच्यावर घरी प्रयोग करू नयेत. शॉक अॅब्सॉर्बर, सायलेन्सरचे फ्लँज (नळ्या जोडणाऱ्या चकत्या), ब्रेक कॅलिपर, इंजिनाखालचे संरक्षक पत्रे, बंपरचे आधार आणि चाकांचे नट ही कामे घरी करता येतात.

गाडी सपाट आणि टणक जमिनीवर उभी करावी. हँडब्रेक ओढून, गिअर टाकून, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. गाडी घोडीवर, म्हणजे जॅक स्टँडवर, टेकवावी आणि खाली जाण्यापूर्वी बाजूने हलवून पाहावी. जाम बोल्टच्या कामात हा नियम दुपटीने महत्त्वाचा आहे, कारण आपण लांब दांड्याने गाडीलाच हिसके देत असतो. चाकांचे नट मात्र गाडी उचलण्यापूर्वी, चाक जमिनीवर असतानाच सैल करावेत. डोळ्यांवर चष्मा हवा. खालून ठोकताना गंजाचे पापुद्रे थेट डोळ्यांत पडतात.

पाने कोणते वापरायचे याचा विचार इथेच करावा, कारण डोके गोल होण्याची सुरुवात चुकीच्या पान्याने होते. मारुती सुझुकीच्या बहुतेक गाड्यांत बोल्टची डोकी १०, १२, १४ आणि १७ मि.मी. मापांची असतात. आपल्याकडे अनेक घरांत वडिलांच्या किंवा काकांच्या वेळचे इंची मापाचे पाने असतात. शेतावरच्या ऑइल इंजिनासाठी ते घेतलेले असतात आणि त्यांचे पोलाद खरोखरच उत्तम असते. पण ९/१६ इंचाचा पाना म्हणजे १४.२९ मि.मी. तो १४ च्या डोक्यावर बसल्यासारखा वाटतो आणि सैल बोल्टवर चालूनही जातो. जाम बोल्टवर मात्र तेवढ्या फटीने डोक्याचे कोपरे खरवडले जातात. आतून सहा कोनांची गोटी, म्हणजे सॉकेट, घ्यावी. बारा कोनांची गोटी लावायला सोपी असते, पण ती कोपऱ्यांच्या टोकांवर जोर देते, तर सहा कोनांची सपाट बाजूंवर देते. उघड्या तोंडाचा पाना जाम बोल्टला लावूच नये. त्याशिवाय दीड ते दोन फुटांचा ब्रेकर बार (गोटी फिरवायचा लांब दांडा), लोखंडी तारांचा ब्रश, अर्धा किलोचा हातोडा, पंच आणि आत शिरणाऱ्या तेलाचा डबा एवढे साहित्य जवळ असावे.

साफसफाई आणि तेल

बोल्टच्या बाहेर दिसणाऱ्या आट्यांवर साचलेला चिखल, गंज आणि अंडरकोटिंगचा डांबरासारखा थर तारेच्या ब्रशने पूर्णपणे काढावा. ही पायरी कंटाळवाणी आहे म्हणून बहुतेक जण ती टाळतात, आणि नट दोन फेरे फिरून पुन्हा अडकतो तो याच कचऱ्यामुळे. डोक्याच्या सपाट बाजूही खरवडून घ्याव्यात, म्हणजे गोटी तळापर्यंत बसते.

साफ करताना बोल्ट कशामुळे जाम झाला आहे हेही कळते. तपकिरी-लाल पूड असेल तर साधा गंज. पोलादी बोल्ट अॅल्युमिनियमच्या भागात बसवलेला असेल आणि कडेला पांढरी भुकटी दिसत असेल, तर दोन धातूंमधील विद्युत-रासायनिक क्रियेने अॅल्युमिनियम खाल्ले गेले आहे. तिथे ठोक्यांपेक्षा सौम्य उष्णता चांगली लागू पडते. आट्यांवर निळा किंवा लाल वाळलेला थर असेल तर कारखान्यात आटे पक्के करणारे रसायन लावलेले आहे आणि तेलाचा त्याच्यावर काही परिणाम होणार नाही. निळ्या प्रकारचे साध्या पान्याने सुटते. लाल प्रकाराला साधारण २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते.

आता तेल. डब्ल्यूडी-४० ची निर्मिती १९५३ मध्ये मुख्यतः पाणी हटवण्यासाठी झाली आणि नावातील ‘डब्ल्यूडी’चा अर्थही तोच आहे. हलक्या गंजाला ते पुरते, पण मुरलेल्या गंजासाठी खास पेनिट्रेटिंग ऑइल म्हणून मिळणारे तेल घेतलेले बरे. जुन्या गॅरेजांत डिझेल वापरत असत आणि भरपूर वेळ दिल्यास तेही काम करते. ऑटोमॅटिक गिअरचे तेल आणि अॅसिटोन समप्रमाणात मिसळून अनेक हौशी कारागीर वापरतात. हे मिश्रण फटीत चांगले शिरते, पण ते लगेच वेगवेगळे होते म्हणून दर वेळी हलवून घ्यावे लागते, ते रंग खाते आणि चटकन पेट घेते. इंजिन ऑइल या कामाला फार दाट आहे.

तेल कुठे घालायचे हे किती घालायचे यापेक्षा महत्त्वाचे असते. डोक्यावर फवारा मारून उपयोग नाही. ते आट्यांच्या तोंडाशी, म्हणजे नट आणि बोल्ट जिथे भेटतात तिथे, आणि शक्य असल्यास दोन्ही टोकांना पडले पाहिजे. बोल्ट उभा असेल तर वरच्या बाजूने घालावे. तेल घालावे, हातोड्याने डोक्यावर आठ-दहा मध्यम ठोके द्यावेत आणि पुन्हा तेल घालावे. ठोक्यांनी गंजाला बारीक तडे जातात आणि तेल त्या तड्यांतून आत उतरते. रविवारी काम करायचे असेल तर शुक्रवारी संध्याकाळी पहिला हात, शनिवारी सकाळी दुसरा आणि रात्री तिसरा, असा क्रम मी ठेवतो. पंधरा मिनिटांत तेल मुरते अशी अपेक्षा ठेवून घाई केली की पुढची सगळी संकटे ओढवतात. ब्रेकच्या जवळ काम असेल तर डिस्क, पॅड आणि ब्रेक शू कापडाने झाकून घ्यावेत. त्यांच्यावर तेलाचा थेंबही पडता कामा नये.

पाना लावल्यानंतर

सोडवण्याची दिशा आधी नक्की करावी. बोल्ट खालून किंवा मागच्या बाजूने दिसत असेल तर भले भले चुकतात. डोक्यासमोर तोंड करून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवल्यास बोल्ट सुटतो; अपवाद म्हणून स्टिअरिंगच्या काही जोडांना उलटे आटे असतात.

पहिला जोर सोडवण्याच्या दिशेने देऊ नये. किंचित, अगदी सुईभर, आवळण्याच्या दिशेने द्यावा. त्याने गंजाची साखळी तुटते आणि बहुतेक वेळा एक बारीक ‘कट्’ असा आवाज येतो. मग सोडवण्याच्या दिशेने दांड्यावर सावकाश वाढता जोर द्यावा आणि त्याच वेळी दुसऱ्या माणसाने डोक्यावर हलके ठोके द्यावेत.

इथे हाताला एक फरक कळला पाहिजे, आणि या संपूर्ण लेखातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे. बोल्ट सुटतो तेव्हा झटका बसतो, आवाज येतो आणि त्यानंतर दांडा पूर्वीपेक्षा हलका होऊनही घट्टपणे फिरत राहतो. बोल्ट पिळला जातो तेव्हा आवाज येत नाही. दांडा लोण्यातून फिरल्यासारखा मऊ सरकतो आणि जोर वाढवला तरी विरोध वाढत नाही. हा मऊपणा जाणवताच त्या क्षणी थांबावे, कारण पोलाद ताणले जाऊ लागले आहे आणि आणखी पाव फेऱ्यात डोके हातात येईल. तिसरी जाणीव शॉक अॅब्सॉर्बर आणि सस्पेन्शन आर्मच्या बोल्टला येते: बोल्ट थोडा फिरतो आणि सोडल्यावर स्प्रिंगसारखा मागे येतो. अशा वेळी आटे मोकळे असतात, पण बोल्टचा दांडा रबरी बुशच्या (सांध्यातल्या रबरी अस्तराच्या) आतल्या लोखंडी नळीला गंजाने चिकटलेला असतो आणि आपण रबर पिळत असतो. नटावर कितीही तेल ओतले तरी इथे फरक पडत नाही. तेल त्या नळीच्या दोन्ही कडांशी घालावे लागते. बुश किंवा शॉक बदलायचाच असेल, तर नळी आणि ब्रॅकेट यांच्यामधल्या फटीतून हॅकसॉ पात्याने बोल्ट कापणे हा सर्वांत कमी त्रासाचा मार्ग आहे.

जोर किती द्यावा याचा हिशेब सोपा आहे. दीड फुटाच्या दांड्याच्या टोकाला २० किलोचा भार दिला, तर बोल्टवर सुमारे ९० न्यूटन-मीटर पीळ येतो. चाकाच्या नटाला हे सोसते. १२ किंवा १३ च्या डोक्याचा, म्हणजे ८ मि.मी. जाडीचा, नेहमीच्या ८.८ प्रतीचा (हा आकडा बोल्टची ताकद सांगतो) बोल्ट मात्र मुळात साधारण २५ न्यूटन-मीटरला आवळलेला असतो आणि ९० ला तो निश्चितपणे तुटतो. म्हणून ब्रेकर बारला पाइप घालून लांबी वाढवण्याची युक्ती १७ आणि त्यापुढच्या डोक्यांसाठीच राखून ठेवावी. मी स्वतः हा धडा सायलेन्सरच्या मागच्या फ्लँजवर घेतला. तेल घालून अर्धा तासही झाला नव्हता आणि ८ मि.मी. च्या स्टडवर, म्हणजे डोके नसलेल्या बोल्टवर, मी तीन फुटी पाइप चढवला. स्टड फ्लँजच्या पातळीलाच तुटला.

बोल्ट एकदा हलला की एकदम बाहेर काढत सुटू नये. पाव फेरा सोडवावा, अर्धा पाव परत आवळावा, तेल घालावे आणि पुन्हा पाव फेरा सोडवावा. गंजाची पूड आट्यांमधून बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर ती पुढे जमून बोल्टला दुसऱ्यांदा जाम करते, आणि हा दुसरा जाम पहिल्यापेक्षा वाईट असतो.

बॅटरीवर चालणारे इम्पॅक्ट रेंच ज्यांच्याकडे आहे त्यांनी ते कमी ताकदीवर ठेवून आलटून-पालटून दोन्ही दिशांना थोडा थोडा वेळ चालवावे. त्याचे छोटे वेगवान ठोके गंज फोडण्यात ब्रेकर बारच्या संथ पिळापेक्षा सरस असतात. त्यावर काळ्या रंगाच्या खास इम्पॅक्ट गोट्याच लावाव्यात. चकचकीत क्रोमच्या गोट्या तडकतात. मागच्या ब्रेकचा ड्रम हबला चिकटला असेल तर त्याच्या तोंडावर दोन आटेदार छिद्रे आहेत का ते पाहावे. अनेक मारुती गाड्यांत ती असतात आणि त्यांत ८ मि.मी. चे दोन बोल्ट आळीपाळीने आवळले की ड्रम स्वतःच बाहेर ढकलला जातो.

उष्णता

दोन-तीन दिवसांचे तेल आणि ठोके यांनी काम झाले नाही, तरच आग हातात घ्यावी. त्यापूर्वी भागावरचे सगळे तेल पुसून कोरडे करावे, विशेषतः अॅसिटोनचे मिश्रण वापरले असेल तर. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या भागाला कधीही ज्योत लावू नये. त्यातून फॉस्जिन हा अत्यंत विषारी वायू निर्माण होतो. पेट्रोलची टाकी, इंधनाच्या आणि ब्रेकच्या नळ्या, रबरी बुश, वायरिंग आणि शॉक अॅब्सॉर्बरचे नळकांडे यांच्या जवळ ज्योत नेऊ नये. जस्ताचा मुलामा असलेल्या बोल्टमधून तापल्यावर पांढरा धूर निघतो. तो श्वासात जाऊ देऊ नये. काम उघड्यावर करावे आणि पाण्याची बादली व वाळू हाताशी असावी.

तापवायचा तो नट किंवा बोल्टभोवतीचा भाग. बोल्ट स्वतः शक्य तितका थंड राहू द्यावा. पोलाद दर अंशाला आपल्या लांबीच्या सुमारे १२ दशलक्षांश इतके प्रसरण पावते, म्हणजे १० मि.मी. चा नट ३०० अंशांनी तापला की त्याचे भोक सुमारे ०.०३५ मि.मी. ने मोठे होते. आकडा किरकोळ दिसतो, पण गंजाची पकड सोडवायला तो पुरेसा असतो. अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे तिथे कमी उष्णता लागते; मात्र ते ६६० अंशांना वितळते आणि वितळण्यापूर्वी लाल होऊन इशारा देत नाही, म्हणून त्याच्यावर ज्योतीऐवजी हीट गन वापरावी.

नट तापला की त्याच्या कडेला मेणबत्ती टेकवावी. वितळलेले मेण आट्यांमध्ये ओढले जाते आणि तेलापेक्षा चांगले वंगण ठरते. मग भाग जरा निवू द्यावा आणि पाना लावावा. तापवणे आणि निवणे हे चक्र तीन-चार वेळा करावे लागते. लालबुंद नटावर लगेच जोर देऊ नये. तापलेले पोलाद मऊ असते आणि सहज पिळले जाते. एकदा असा तापवलेला बोल्ट पुन्हा वापरू नये, कारण त्याची मूळ कठीणता गेलेली असते.

डोके गोल झाले किंवा बोल्ट तुटला तर

डोके गोल झाल्यावर त्याच पान्याने आणखी एक प्रयत्न करण्याचा मोह आवरावा. एक माप लहान सहा कोनी गोटी हातोड्याने ठोकून बसवावी. १४ च्या झिजलेल्या डोक्यावर बहुधा १३ ची बसते. जागा असेल तर कानशीने दोन समोरासमोरच्या बाजू सपाट करून व्हाइस-ग्रिप (पकड घट्ट धरून ठेवणारा) प्लायर घट्ट आवळावा. नट असेल आणि बोल्ट वाचवायचा नसेल, तर नट छन्नीने किंवा नट स्प्लिटरने उभा फोडणे सोपे जाते.

बोल्ट तुटला आणि थोडा भाग बाहेर राहिला असेल तर व्हाइस-ग्रिपने पुन्हा तेल-ठोक्यांचे चक्र सुरू करावे. तो पातळीलाच तुटला असेल तर मध्यभागी पंचाने खूण करून छिद्र पाडण्याचा मार्ग उरतो. उलट्या दिशेने फिरवून कापणारे ड्रिल मिळाले तर उत्तम. छिद्र पाडतानाच कधी कधी बोल्ट बाहेर येतो. छिद्र मध्यापासून सरकले तर मूळ आटे कापले जातात. एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे त्या छिद्रात उलटा फिरवून तुटका बोल्ट काढायचे हत्यार, वापरायचा असेल तर त्याच्यावर फार जोर देऊ नये. तो अतिशय कठीण आणि ठिसूळ पोलादाचा असतो आणि आत तुटला तर साध्या ड्रिलने त्याला ओरखडाही उठत नाही.

या टप्प्यावर माझे मत स्पष्ट आहे: कोल्हापुरात राहणाऱ्याने इथे घरचे काम थांबवून शिवाजी उद्यमनगर गाठावे. पंप आणि ऑइल इंजिनांच्या उद्योगावर वाढलेल्या या शहरात लेथ आणि वेल्डिंग जाणणारे हात मुबलक आहेत. माझा तो तुटलेला स्टड तिथल्या एका मिस्त्रींनी काढून दिला. त्यांनी आधी बॅटरीची ऋण केबल काढायला लावली, जेणेकरून वेल्डिंगचा प्रवाह गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये जाणार नाही. मग तुटलेल्या टोकावर एक नट ठेवून त्याच्या भोकातून वेल्ड भरला. मी लगेच पाना उचलला तेव्हा ते म्हणाले, “दादा, जरा गार होऊ द्या, मग लावा.” लाली पूर्ण गेल्यावर त्यांनी नट दोनदा मागे-पुढे हलवला आणि स्टड बाहेर आला. वेल्डची उष्णता थेट गंजलेल्या आट्यांपर्यंत पोचते आणि पकडायला नवे डोकेही मिळते, त्यामुळे ही पद्धत एक्स्ट्रॅक्टरपेक्षा अधिक भरवशाची आहे.

परत बसवताना

आटे टॅप (छिद्रात आटे पाडायचे हत्यार) फिरवून साफ करून घ्यावेत. आटे खराब झाले असतील आणि नव्याने मारायचे असतील तर ८ मि.मी. × १.२५ (पहिला आकडा बोल्टची जाडी, दुसरा पिच, म्हणजे दोन आट्यांमधले अंतर) आट्यांना ६.८ मि.मी. चे, १० × १.२५ ला ८.८ चे आणि १० × १.५ ला ८.५ चे छिद्र लागते. जपानी धाटणीच्या गाड्यांत १० मि.मी. चे बोल्ट बहुधा १.२५ पिचचे असतात आणि हार्डवेअरच्या दुकानात सहज हाती पडतो तो १.५ चा. म्हणून जुना बोल्ट बरोबर न्यावा आणि दोन्हींचे आटे एकमेकांवर टेकवून उजेडात पाहावेत. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा जो आकडा असेल त्याच प्रतीचा बोल्ट घ्यावा.

सायलेन्सर आणि सस्पेन्शनच्या आट्यांना तांब्याचे अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारे वंगण) किंवा निदान ग्रीसचा पातळ हात द्यावा, म्हणजे पुढच्या वेळी हा सगळा खटाटोप उरत नाही. मात्र वंगणामुळे तेवढ्याच पिळात बोल्ट अधिक ताणला जातो, म्हणून गाडीच्या पुस्तकात कोरड्या आट्यांसाठी दिलेल्या आकड्यापेक्षा पीळ थोडा कमी ठेवावा. चाकाच्या नटांच्या उतरत्या बैठकीवर तेल किंवा ग्रीस लावू नये; ते नट टॉर्क रेंचने, म्हणजे पीळ मोजणाऱ्या पान्याने, पुस्तकातल्या आकड्यालाच आवळावेत आणि ५० ते १०० किलोमीटर चालवल्यानंतर, चाके गार असताना, पुन्हा एकदा तपासावेत.